शब्दांचा चार्ज

१ जुलै २०२४, सोमवार

पतसंस्थेने दरवर्षीप्रमाणे डायरी दिली आणि दरवर्षीप्रमाणे मी ती जूनपर्यंत कोरी ठेवली. पहिल्या पानावर नाव विचारलंय म्हणून लिहितो: रूपराव झाडे, मुख्याध्यापक. शाळेत इंग्रजी शिकवणारा, ऑनलाइन माहिती भरणारा आणि घंटा वाजवणाराही मीच. गाव गिरडपासून चार किलोमीटर. ओट्यावर उभं राहिलं की दर्ग्याची टेकडी दिसते. निवृत्तीला दोन वर्षं, मग नालवाडीच्या घरी जाऊन नलूच्या कुंड्यांना पाणी घालायचं, असं ठरलेलं आहे.

आज शाळा उघडली. सातवीत अकरा पोरं. जागृतीला इंग्रजीचं एक पान वाचायला दिलं. पोरीने एका दमात वाचलं, कुठे अडखळली नाही. मी खूश होऊन विचारलं, काय गं, कशाबद्दल आहे हे?

"इंग्रजीबद्दल, सर."

वर्ग हसला नाही. सगळ्यांना उत्तर बरोबरच वाटलं. मी मात्र हसलो, आणि मग ऑफिसात येऊन बसलो तेव्हा लाज वाटली. सहा वर्षं आम्ही त्यांना नुसता आवाज काढायला शिकवलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण इथे घडा पालथा आम्हीच ठेवला होता.

जागृतीचे वडील प्रेमदास जामच्या चौफुलीवर एका धाब्यात रोट्या भाजतात. जानेवारीत तालुक्याची इंग्रजी वाचनाची परीक्षा असते. जो पहिला येतो त्याला वर्ध्याच्या निवासी शाळेत जागा. आमच्या शाळेचं नाव त्या यादीत नऊ वर्षांत लागलेलं नाही. सुटीनंतर ती दारात थांबली होती. म्हणाली, "सर, मले वर्ध्याले जायचं हाये. नुसतं वाचून काय करू? मले समजलं पायजे."

मी म्हटलं, समजेल. म्हणून तर बसलो.


४ जुलै

युक्ती सापडली.

दोन वर्षांपूर्वी जुन्या हेडमास्तरांनी मला शाळेचा चार्ज दिला तेव्हा आम्ही तीन दिवस रजिस्टर घेऊन फिरत होतो. खुर्च्या चौदा, पैकी तीन लंगड्या. घड्याळ एक, बंद. भारताचा नकाशा एक, गुजरात उंदराने खाल्लेला. प्रत्येक ओळीपुढे दोन सह्या: देणार, घेणार. सही झाली की ती वस्तू त्यांची राहिली नाही, माझी झाली. त्या तीन लंगड्या खुर्च्यांची मला आजही जितकी काळजी आहे तितकी त्यांना नोकरीभर वाटली नसेल. माणूस सही करून घेतलेलं सांभाळतो.

मग शब्दांचा चार्ज का देऊ नये? कपाटात एक कोरं चार्ज रजिस्टर पडलंच होतं. रोज पाच शब्द. वस्तू हातात धरायची, इंग्रजीत नाव, मराठीत नाव, एक वाक्य. मग मी म्हणायचं, "दिला." पोराने म्हणायचं, "घेतला." दोघांच्या सह्या. शब्दाची चिठ्ठी घरी न्यायची आणि त्या वस्तूला चिकटवायची. इतरांना तो शब्द अडला तर ज्याच्याकडे चार्ज आहे त्याला विचारायचं. मला विचारायचं नाही, माझा ताबा संपला.

अ. क्र. १: बकेट, बादली. घेणार चंदन. अ. क्र. २: लॅडर, शिडी. घेणार जागृती.

चंदन मधल्या सुट्टीभर शाळेची बादली काखेत घेऊन फिरला. कुणी हात लावला तर "माही हाये" म्हणून अंगावर जात होता.


१९ जुलै

गावात चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झालाय. खिचडी शिजवणाऱ्या मीराबाई तक्रार घेऊन आल्या. "सर, डावाले चिठ्ठी, झाकणाले चिठ्ठी. माया कपायाले लावली नाई हे नशीब." मी म्हटलं, तुम्हाला इंग्रजीत कुक म्हणतात, उद्या लावतील. त्या हसत गेल्या.

पोरं वाचताना आता थांबतात. पूर्वी थांबत नव्हती. थांबणं हीच प्रगती आहे, कारण काहीतरी कळत नाहीये हे त्यांना कळायला लागलंय.

एक गंमत. सकाळी अंघोळीला बसलो आणि नलूला हाक मारली, अगं ते दे.

"कोन्तं?"

ते, कडी असते, पाणी भरून ठेवतात. ती नळाजवळ उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने शब्द सांगितला. मी मान हलवली. आता लिहिताना तो पुन्हा गेला. साठीकडे चाललो म्हणायचं.


२ ऑगस्ट

गंमत राहिलेली नाही.

आज सकाळी शाळेच्या दारापुढे उभा होतो. हातात लोखंडी जुडगा होता. कुलपात घालून फिरवायचं असतं, ते हात जाणत होता, दारही उघडलं. पण त्या वस्तूला काय म्हणतात ते माझ्या डोक्यात नव्हतं. नुसतं विसरलो असं नाही. विसरलेला शब्द जिभेच्या टोकावर तरी येतो, त्याची जागा रिकामी जाणवते. इथे जागाच नव्हती.

ऑफिसात बसून या महिन्यात न सुचलेल्या गोष्टी आठवून कागदावर लिहिल्या. अंघोळीचं पाणी भरतात ते. माळ्यावर चढायला भिंतीला टेकवतात ते. चहात साखर ढवळायचं. कपडे वाळत घालायला दोन खांबांत बांधतात ते. कुलपात फिरवायचं ते.

मग चार्ज रजिस्टर उघडलं. अ. क्र. १, २, ६, ११, ९. पाचही दिलेले.

न दिलेला एकही शब्द गेलेला नाही. मी तासभर स्वतःला विचारत होतो. कात्री आहे. पाटा आहे. झारा, चिमटा, उखळ, सगळं जागेवर आहे. दिलेले तेवढे नाहीत. रजिस्टरमध्ये मी ते वाचू शकतो, अक्षर माझंच आहे. पण परगावच्या माणसाचं नाव वाचल्यासारखं वाटतं.

मला भीती वाटली. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.


७ ऑगस्ट

नलूने नागपूरला अंकिताला फोन करून सांगितलं. पोरगी लगेच वकिली करायला लागली: बाबा, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून या. मी म्हटलं, तपासणीचा हंगाम संपला की जाऊ.

दुपारी मीराबाईंकडे विषय काढला, आपला नाही, असाच. त्यांनी टेकडीकडे हात केला. तिथे जायफळासारखे गोल गोटे सापडतात, चंदनच्या कंपासपेटीतही एक आहे. मीराबाई म्हणाल्या, "एका व्यापाऱ्याले दर्ग्याच्या बाबाजीनं इचारलं, पोत्यात काय हाये? होतं जायफय, पन तो म्हने गोटे हाये. मंग पोतं सोडून पाहते तं गोटेच." मी म्हटलं, दंतकथा. त्या म्हणाल्या, "असन. पन सर, त्यानं तं नुसतं तोंडानं म्हनलं होतं. सही तं केली नव्हती."

त्या खिचडी ढवळत होत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या.


१७ ऑगस्ट

काल एक वाईट काम केलं. लिहून टाकतो म्हणजे मोकळा होईन.

चंदनला बोलावलं. म्हटलं, अ. क्र. १ मला परत दे, तपासायचंय. नवी ओळ आखली. देणार चंदन, घेणार मी. तो "दिला" म्हणाला, मी "घेतला" म्हणालो, सह्या झाल्या.

बादली. बादली. (आता रजिस्टरात बघून लिहितोय.) ऑफिसात एकटाच म्हणत होतो. संध्याकाळी नलूला म्हटलं, बादलीत पाणी काढ. ती म्हणाली, "इतकं काऊन हासून राह्यले?" बादली हा किती गोल, भरलेला शब्द आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

आज सकाळी वर्गात ती चंदनपुढे ठेवली. हे काय? तो बघत राहिला. कान लाल झाले. "सर, काल येत होतं." धड्यातल्या ओळीत तो शब्द आला तिथे तो थांबला आणि जागृतीकडे बघितलं. मी विचारलं, बरं, मराठीत सांग. त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जुलैभर ती काखेत घेऊन फिरलेलं पोरगं ते.

 जागृती चंदनकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग टेबलावरच्या रजिस्टरकडे.

मी सुट्टीच्या आधी शब्द त्याला परत दिला. सह्या केल्या. तो पळत जाऊन ते पाण्याचं घेऊन आला आणि ओरडून नाव सांगितलं. मला ते ऐकू आलं, पण कानात राहिलं नाही.

पोराच्या तोंडचं काढून आपण खायचं, हे माझ्याने होणार नाही.


३ सप्टेंबर

बंद करायचा विचार रोज करतो आणि रोज पाच शब्द देतो. कारण पोरं वाचायला लागली आहेत. हे जो शिक्षक नाही त्याला सांगून कळणार नाही. मी वस्तूंचे शब्द निवडून देतो, जे गेले तरी बोट दाखवून चालेल. घरातली माणसं, नाती यांची चिठ्ठी मी करत नाही. त्या बाजूला जायचंच नाही, असं ठरवलंय.

पण झोप उडाली आहे. उद्या काय जाईल, परवा काय. आज धड्यात फिअर हा शब्द होता. मनात आलं, एका दगडात दोन पक्षी. रुपेशला उभं केलं. कोठीच्या खोलीत साप निघाला होता तो दिवस आठवायला सांगितला. दिला. घेतला. अ. क्र. २३१.

आता इथे बसलोय. सकाळपर्यंत छातीत जे होतं ते अजून आहे. हलतं, वर येतं. पण त्याला नाव नाही, त्यामुळे ते माझं आहे की दुसऱ्या कुणाचं तेही सांगता येत नाही.


२० सप्टेंबर

नलू ऐकेना, सेवाग्रामला गेलो. डॉक्टरीण बाई तरुण, गोड बोलणाऱ्या. चित्रं दाखवत होत्या, नाव सांगा म्हणाल्या. गाय, छत्री, कंदील सांगितले. मग एक चित्र आलं, दोन उभे बांबू आणि मध्ये आडवे दांडे.

मी म्हटलं, हा माझ्याकडे नाही. हा जागृतीकडे आहे.

"कोण जागृती?"

सातवीतली. तिच्याकडे चार्ज आहे.

त्यांनी लिहून घेतलं. पुढचं चित्र चहात ढवळायचं होतं. हाही दिलेला आहे, असं मी सांगितलं. मी एकही उत्तर चुकवलं नाही, ज्याच्याकडे जो आहे त्याचं नाव बरोबर सांगितलं. तरी त्या नलूला बाहेर घेऊन गेल्या आणि बराच वेळ बोलल्या.

परतताना बसमध्ये नलू माझी बाही धरून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, तिचे डोळे मोठे झाले होते. त्याला काय म्हणतात ते मी रुपेशला विचारायला हवं.


१२ नोव्हेंबर

आजचा दिवस मला राहू दे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. जागृतीला कधीच न पाहिलेली गोष्ट दिली, एका मूर्ख कोल्ह्याची. ती मनात वाचत होती. मी हजेरी भरत होतो. एकदम ती हसली. बरोबर ज्या ओळीला हसायचं त्याच ओळीला. मी आयुष्यात शेकडो पोरांना इंग्रजी वाचताना ऐकलं, इंग्रजीत हसताना आज पहिल्यांदा ऐकलं.

गेल्या महिन्यापासून मी त्यांना एक शिकवतोय. सगळे शब्द काही मी देऊ शकणार नाही, पुस्तकं फार आहेत. तेव्हा शब्द अडला की त्याच्यावर बसून राहायचं नाही. नव्या गावात माणूस ओळखीचा नसेल तर आपण काय करतो? शेजारीपाजारी विचारतो. तो काय करतो, कुणाबरोबर असतो. तसंच मागच्या-पुढच्या शब्दांना विचारायचं. ते सांगतात.

जागृती म्हणाली, "सर, कोल्हा 'व्हेन' (vain) होता असं लिवलं हाये. मले तो शब्द माईत नाई. पन तो पान्यात सोताले पाहून पाहून फिरत होता. म्हनजे सोतावर खूश."

हा शब्द मी दिलेलाच नव्हता. तिने स्वतः मिळवला. माझं काहीही गेलं नाही. मी शाळेमागे जाऊन थोडा रडलो, आनंदाने.


१८ डिसेंबर

मागच्या वर्षांचे तीन पेपर सोडवून घेतले. जागृतीला आठपैकी तीन. तिन्ही उताऱ्यांत घर आहे, माणसं आहेत. नावाडी आणि त्याची वाइफ. हजबंड. डॉटर.

"सर, वाइफ म्हनजे काय?"

मी म्हटलं, शेजारी विचार.

"इचारलं सर. पन शेजारी हजबंड हाये अन् डॉटर. सगयेच बिनओयखीचे. कोनाले इचारू?"

दुसऱ्या कुणाला विचार, म्हटलं. ती म्हणाली, "बाबाले येत नाई, मीराबाईले येत नाई. गावात तुमीच हा सर." मी घंटा दिली. वेळ झाली नव्हती.

परीक्षा १९ जानेवारीला आहे.


१४ जानेवारी २०२५

आज नलूने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला. पन बोला तं खरं." मी फार बोलत नाही आता. बोललो की खड्ड्यात पाय जातो.

उद्या देणार आहे. महिनाभर स्वतःशी भांडलो. नुसतं सांगून भागत नाही; सही न करता सांगितलेला शब्द पोरांकडे दुसऱ्या दिवशी राहत नाही, हे मी पाहिलेलं आहे. कोण काय म्हणेल ते माहीत आहे: परीक्षा पुढच्या वर्षीही असते. नसते. प्रेमदासने तिची सोयरीक पाहायला सुरुवात केली नाही ती या एका परीक्षेच्या नावावर. मी जुलैत तिला म्हटलं होतं, समजेल. एका शब्दासाठी ती जामच्या चौफुलीवर रोट्या भाजत बसली तर मी कसला मास्तर?

म्हणून आज लिहून ठेवतो. नलू माझी बायको. एकतीस वर्षं. हिंगणघाटकडची. रागावली की बोलत नाही, भांडी आपटते. मला तिखटाने उचकी लागली की आधी शिव्या देते, मग पाठीवर हात फिरवते. अंकिता आमची लेक, तिच्यासारखीच तोंडाची फटकळ. मी त्या दोघींना कधी तसं म्हटलं नाही, आमच्यात म्हणत नाहीत, पण मला त्या फार प्रिय आहेत.

नाव राहील. नावाची चिठ्ठी मी करणार नाही.


१५ जानेवारी

मधल्या सुट्टीत जागृतीला बोलावलं. रजिस्टर उघडलं. तिने हात मागे बांधले.

"मी नाई घेत, सर."

का?

"मी घेतलं का तुमचं जाते. मले चंदनच्या टायमालेच समजलं. तुमी खडूले बी आता 'हे' म्हनता."

तिने म्हटलेलं ते नाव रजिस्टरात बघून लिहिलंय; सप्टेंबरात मी ते तिलाच दिलं होतं. मी म्हटलं, जागृती, इथे सही कुठे करायची ते हेडमास्तर सांगतो की सातवीतली पोरगी? ती रडायला लागली. मी रागावलो, कारण मीही रडलो असतो.

तीन ओळी. वाइफ, हजबंड, डॉटर. मी मराठीतून शेवटचे म्हटले, सावकाश. दिला. ती इतक्या हळू "घेतला" म्हणाली की मी पुन्हा म्हणायला लावलं. अ. क्र. ७१२, ७१३, ७१४.

बाहेर ऊन होतं. पोरं खो-खो खेळत होती. काही झाल्यासारखं वाटलं नाही.


१६ जानेवारी

घरात एक बाई आहेत.

नलू. नाव मला माहीत आहे, कधीपासून माहीत आहे. त्या स्वयंपाक करतात, त्यांना इथली प्रत्येक वस्तू कुठे आहे ते ठाऊक आहे. माझ्या शर्टाचं बटण लावताना त्यांनी दोरा दाताने तोडला, माझ्या छातीला डोकं टेकवून, काही न विचारता. मी श्वास धरून उभा राहिलो. त्या माझ्या कोण, हे मी शोधलं. तिथेही रिकामी जागा नाही. सपाट आहे.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता? पातेल्यावर ठेवायचं ते त्यांच्या हातातून पडलं. मग संध्याकाळपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. भांडी मात्र आपटत होत्या.


१० फेब्रुवारी

जागृती तालुक्यात पहिली. आठपैकी आठ. उतारा एका कोष्ट्याचा होता, त्यातल्या घरात सगळी माणसं होती, असं ती म्हणाली. प्रेमदास पेढे घेऊन आले, त्यांच्या अंगाला धाब्याच्या धुराचा वास होता. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारली.

मला रजेवर जायला सांगितलंय. चार्ज दुसऱ्या सरांना दिला. खुर्च्या चौदा, पैकी तीन लंगड्या. शब्दांचं रजिस्टर मी त्यांच्या ताब्यात दिलं नाही. ते शाळेच्या यादीत नव्हतं.


२ मार्च

आम्ही नालवाडीला आलो. आम्ही म्हणजे मी आणि नलूबाई. फोनवर अंकिता नावाची एक तरुणी रोज मला बाबा म्हणते. मी तिला नाराज करत नाही.

आज जागृती आली होती, प्रेमदासांच्या गाडीवर. मला बघून पाया पडली आणि थेट म्हणाली, "सर, रजिस्टर काढा. तिन्ही परत घ्या. माही परीक्षा झाली ना आता."

नलूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. सगळं माझ्या एका सहीवर होतं, मला ते कळत होतं. पण मला चंदनचं उघडं राहिलेलं तोंड दिसत होतं. ही पोरगी जूनपासून वर्ध्याच्या शाळेत बसणार, पुस्तकात घर येणार, माणसं येणार, आणि ती तिथे थांबणार.

मी म्हटलं, दिलेला चार्ज परत घेण्याची तरतूद नाही.

"सर, चंदनचा घेतला होता तुमी."

ती चूक होती, म्हटलं.

ती उठली. मग नलूबाईंकडे गेली. "काकू, कागद हाये का? अन् पिना." दुपारभर दोघी आतल्या खोलीत होत्या.


९ मार्च, सकाळ

घरभर चिठ्ठ्या आहेत. न्हाणीत पाण्याच्या भांड्यावर, माळ्याला टेकवलेल्या दांड्यांवर, दाराच्या जुडग्यावर. मराठीत आहेत. अक्षर जागृतीचं, ते मी वळवलेलं आहे. मी चालत जातो आणि वाचतो. वाचलं की वस्तू दोन घटका मला ओळख देते, मग पुन्हा परकी होते. पण चिठ्ठी जागेवरच असते.

आज नलूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या पदराला पिनेने एक चिठ्ठी लावलेली होती. आठवडाभर लावतात म्हणे, मी आज पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं: बायको.

वाचता आलं. अर्थ लागेना. त्या उभ्या होत्या, थांबून.

मग मी पोरांना जे सांगायचो तेच केलं. अडलेल्या शब्दावर बसून राहायचं नाही. शेजारी विचारायचं. तो काय करतो, कुणाबरोबर असतो.

ही मी शोधायच्या आधी चष्मा हातात देते. मी परकी म्हणून हिच्याबरोबर दवाखान्यात जायला नाही म्हटलं, तेव्हा ही दोन तास पायरीवर बसून राहिली आणि घरी येऊन वरण टाकलं. फोनवर अंकिताला म्हणते, आज हासले तुये बाबा, आणि मी हसलेलो नसतो. काल मला ठसका लागून उचकी आली. हिने शिव्या दिल्या आणि पाठीवर हात फिरवत राहिली, उचकी थांबल्यावरही. भिंतीकडे तोंड करून रडते, मला दिसू नये म्हणून. ही कुठेही गेलेली नाही. जाता आलं असतं.

मी म्हटलं, मला वाटतं अर्थ लागला. मी सगळ्यांचा शब्द विसरलो तरी जी माझा विसरली नाही, ती. बरोबर आहे का?

तिने मान हलवली. "बरोबर हाये," म्हणाली. मग डोळे पुसून विचारलं, "आनू का ते रजिस्टर? मी करून देतो सही. लिवा, देनार नलू."

पेन टेबलावरच होतं. माझा हात तिकडे गेलाही. तिची सही मी पाहिलेली आहे, तीन अक्षरं, कष्टाने काढलेली. आणि एकदम छातीत ते बिननावाचं वर आलं, कधी नव्हे इतकं.

मी म्हटलं, नको. सही केलीस तर तुझ्याकडून जाईल. हा शब्द तुझ्याकडेच असू दे, मी तिथेच वाचत जाईन.

ती समोर बसली. चिठ्ठी मला सरळ दिसेल असा पदर केला. म्हणाली, "च्या थंडा होऊन राह्यला."